साठ नगांचा संच

छंदाची पहिली पायरी म्हणजे खरेदी, याबाबत आमच्या घरात कधी दुमत झालेलं नाही. चामडकाम शिकायचं ठरवलं आणि मोबाइलवर सर्वांत आधी समोर आला तो साठ नगांचा संच. काळ्या गुंडाळीत ओळीनं खोचलेली हत्यारं, त्यातले वीसेक नुसते ठसे: पान, फूल, टोपलीची वीण. किंमत दोघांच्या हॉटेलातल्या जेवणाएवढी. नीट बघितलं तर त्यात सगळं होतं, फक्त चामडं नव्हतं. आणि चाकू असा, की लोणीसुद्धा विचार करून कापेल.

माझं मत विचाराल तर निम्मे पैसे चामड्यात घालावेत, उरलेल्यातले बरेचसे धारेत, आणि बाकी घरात असेल त्यावर भागवावं.

चामड्याचं दुकान म्हणजे नवख्याची परीक्षा. बाजारात दिसतं त्यातलं बहुतेक क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं असतं. ते झटपट तयार होतं, मऊ असतं, हवा तो रंग घेतं. पर्स-जाकिटांना उत्तम. पण त्यावर ठसा धड बसत नाही आणि कड कितीही घासली तरी गुळगुळीत होत नाही. शिकाऊ हाताला हवं साल-हिरड्यात कमावलेलं. त्याला वेळ लागतो, म्हणून ते महागही पडतं. कोल्हापुरी चपलेचं चामडं पारंपरिक पद्धतीत बाभळीची साल आणि हिरडा वापरूनच कमावतात. आजीच्या बटव्यातला तोच हिरडा. तोंडात धरला की जीभ आवळते ना, त्याच तुरटपणाचं हे काम: टॅनिन हे तुरट द्रव्य कातड्यातल्या प्रथिनांना घट्ट धरून बसतं आणि मग कातडं कुजत नाही. असं चामडं ओलं केलं की हवा तो आकार धरतं, वापरता वापरता काळवंडत जातं. वासही वेगळा, सालीसारखा, थोडा मातकट.

विक्री चौरस फुटावर. अख्खी बाजू, म्हणजे जनावराचं अर्धं कातडं, घ्यायची गरज नाही, कटपीस मागावेत. दुकानदार ‘जाड आहे ताई, एकदम मजबूत’ म्हणून जे पुढे करेल ते कौतुकानं बघावं आणि परत द्यावं. कार्डाच्या पाकिटाला सव्वा ते दीड मिलिमीटर पुरतं. साडेतीन मिलिमीटरचं पाकीट शिवलंत तर ते मिटणार नाही, खिशात विटेसारखं बसेल. तुकडा हातात घेऊन वाकवून बघायचा. पोटाकडचा असेल तर सैल लागतो, सुरकुत्या पडतात, ओढला की लांबतो. पाठीचा घट्ट. स्वस्त कटपिसांत पोट जास्त निघतं, हे सांगायला नको.

हत्यारांचं खरं शिक्षण आमच्या रिक्षा स्टँडजवळ चपला शिवणाऱ्या काकांकडे बसून झालं. त्यांच्या पेटीत रापी म्हणजे चामडं कापायची सुरी, आरी म्हणजे भोक पाडायचा टोच्या, हातोडी, पक्कड आणि मेणाचा काळा पडलेला गोळा. समोर ऐरण. बस्स. रापी दगडावर दोनदा ओढायची, मग चामड्याच्या तुकड्यावर उलटी फिरवायची आणि कामाला लागायचं, हे ते बोलता बोलता करतात. बोट लावून धार बघतानाही बोलणं थांबत नाही. त्यांच्या आरीच्या टोकाला खाच आहे. चामड्यातून आरी खाली गेली की खाचेत दोरा अडकवायचा, फास वर ओढायचा आणि त्यातून दुसरं टोक घालायचं. मला तशीच आरी हवी होती. ‘तुम्हाला कशाला, ताई? तुमच्याकडं दोन सुया आहेत की,’ म्हणाले.

बरोबरच होतं. हातशिलाईत एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन बोथट सुया ओवतात आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. एक टाका तुटला तरी दुसऱ्या बाजूचा दोरा शिवण धरून ठेवतो. मशीनच्या टाक्याला हे जमत नाही, तो उसवत जातो. दोरा मेण लावलेला घ्यायचा, आणि शिवणीच्या चौपट. कमी पडला की शेवटच्या चार भोकांशी जी चिडचिड होते, ती कुठल्याच संचात दाखवत नाहीत.

भोकं पाडायला चार मिलिमीटर अंतराचा दातेरी पंच पुरे, वर लाकडी किंवा रबरी हातोडा. लोखंडी हातोडीनं पंचाचं डोकं पसरतं. खाली काहीतरी जड हवं म्हणून मी माळ्यावरचा पाटा काढला आणि त्यावर प्लॅस्टिकचा कापायचा बोर्ड ठेवला. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात गाठून विचारलंच, ‘रोज रोज चटणी?’

चाकू म्हणून रापी हवीच असं नाही. टोक मोडून नवं करता येणारा साधा कटर आणि स्टीलची पट्टी, सुरुवातीला एवढं बास. कड गुळगुळीत करायला पाण्याचा हात आणि जुन्या जीन्सचा तुकडा. ठसे, रंग, कडा गोलावायची हत्यारं मी घेतली नाहीत. अजून अडलेलं नाही.

आता नवऱ्याला पट्टा हवा आहे. त्याला साडेतीन मिलिमीटरची, सव्वा मीटर सलग पाठ लागते, आणि ती कटपिसात मिळत नाही. त्याला सांगितलंय, एकतर पैसे दे, नाहीतर पोटाच्या चामड्याचा घे आणि महिन्याभरात तो लांबला तर माझ्याकडे येऊ नकोस. सध्या तो विचार करतो आहे.