‘चिंता करू नका’ हे वचन मला पुन्हा ऐकता आलं

आमच्या मंडळीत उपासनेच्या वेळी साक्ष देण्याची पद्धत आहे. कुणाचं ऑपरेशन नीट पार पडलेलं असतं, कुणाच्या मुलाला नोकरी लागलेली असते. माणूस पुढे येतो, ‘जय ख्रिस्त’ म्हणतो, दोन मिनिटांत देवाचे आभार मानतो आणि जागेवर जातो. चिंतेच्या आजारातून मी सावरले त्याची साक्ष दे, असं मलाही पुष्कळांनी सांगितलं. पण ती दोन मिनिटांत सांगून होत नाही. तिच्यात प्रभू आहे, मानसोपचारतज्ज्ञ आहेत, गोळ्या आहेत आणि माझ्यासोबत मेथी निवडत बसणारी एक मावशी आहे. ह्यातलं एक जरी गाळलं तरी साक्ष खोटी होईल. म्हणून सावकाश लिहिते.

मी अहिल्यानगरची, आमच्या तोंडात अजून नगरच. अमेरिकन मराठी मिशन ह्या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचं काम इथे १८३१ साली सुरू झालं. माझे पणजोबा मिशनच्या शाळेत शिकले आणि तेव्हापासून आमचं घर ख्रिस्ती. ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्याच जिल्ह्यात राहिले, त्यांची भजनं आजीच्या तोंडी असायची. शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या मुलांच्या वर्गात, बायबलची वचनं पाठ करून बक्षिसं मिळवलेली मी मुलगी. ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ हे बायबलमधल्या, प्रेषित पौलाने लिहिलेल्या फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातलं वचन मला लिहायला येण्याआधी म्हणता येत होतं.

मी एका पतसंस्थेत कॅशियर आहे. मार्चअखेरची गर्दी होती. शंभराचं बंडल मोजताना बोटांना मुंग्या आल्या, मग छातीत धडधड, मग श्वास पुरेना. समोरचा खातेदार काहीतरी बोलत होता, त्याचे ओठ हलताना दिसत होते, शब्द कानात शिरत नव्हते. आता आपण मरणार, एवढंच डोक्यात होतं. सहकाऱ्यांनी दवाखान्यात नेलं. ईसीजी काढला, रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं. सगळं नॉर्मल. सलाइन लावून घरी पाठवलं.

नॉर्मल म्हटल्यावर घरचे निर्धास्त झाले. मला मात्र पुढच्या झटक्याची भीती लागून राहिली, आणि खरा आजार तिथून वाढला. मंडईत झालं, एसटीत झालं, एकदा ऐन उपासनेत झालं. मग मी मंडईत जाणं सोडलं, एसटी सोडली, चर्चमध्ये दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसू लागले, म्हणजे पटकन बाहेर पडता येईल. रात्री दोनला डोळे उघडायचे ते उजाडेपर्यंत मिटायचे नाहीत. जेवण नावाला.

मंडळीतली माणसं प्रेमाची आहेत, हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून गैरसमज होईल. बहुतेकांनी मला तेच पाठ असलेलं वचन ऐकवलं. ‘विश्वासणाऱ्याला कसली चिंता?’ असंही एकांनी विचारलं. दुसऱ्या एका प्रार्थना गटातल्या बाई घरी आल्या, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि जाताना म्हणाल्या की गोळी घेणं म्हणजे देवावर भरवसा नसणं. त्या गेल्यावर मी कितीतरी वेळ पलंगाच्या कडेवर बसून होते. छातीतली धडधड होतीच, आता वर आपण देवालाही नकोसे झालो ही भर पडली. ज्यांना हा त्रास झाला आहे त्यांना हे ओझं समजेल. चिंतेच्या माणसाला ‘चिंता करू नकोस’ असं आज्ञेसारखं सांगितलं की तो आपल्या चिंतेचीही चिंता करू लागतो.

आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आले ते संध्याकाळी, एकटेच. त्यांनी शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं नाही. ‘ताई, झोप किती लागते? दुपारी काय जेवलात?’ असं विचारलं. मला रडू आलं. मग त्यांनी एलीयाची गोष्ट काढली, पहिल्या राजांच्या पुस्तकातल्या एकोणिसाव्या अध्यायातली. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने जीव घेऊन पळतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि ‘पुरे झालं, आता माझा प्राण घे’ असं देवाला म्हणतो. देव त्याला रागावत नाही. देवदूत येतो, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई उशाशी ठेवतो, खा म्हणतो. एलीया खातो, पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवून खायला घालतो. देवाशी बोलणं ह्या सगळ्याच्या पुष्कळ नंतर, होरेब डोंगरावर. ‘आधी भाकर, आधी झोप,’ पाळकसाहेब म्हणाले, ‘तुम्ही उद्या डॉक्टरांकडे जा. मी सोबत येतो.’ गोळ्यांचं मी घाबरत विचारलं तेव्हा म्हणाले, पौलाच्या सोबत फिरणारा लूक वैद्य होता, आणि पौल त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. कलस्सैकरांच्या पत्रात आहे, घरी गेल्यावर काढून बघा.

मानसोपचारतज्ज्ञांनी पहिल्याच भेटीत जे समजावलं त्याने माझी निम्मी भीती उतरली. ह्याला पॅनिक अटॅक म्हणतात. धोका नसताना शरीर धोक्याची घंटा वाजवतं, ॲड्रिनलिन वाढतं, हृदय जोरात धावतं, श्वास उथळ होतो, त्यानेच हातापायांना मुंग्या येतात. साधारण दहा मिनिटांत त्याचा जोर कळसाला पोचतो आणि मग आपोआप उतरतो. गोळी सुरू केली. तिचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, सुरुवातीला अस्वस्थपणा थोडा वाढूही शकतो, आणि आपल्या मनाने ती एकदम बंद करायची नाही, हे त्यांनी बजावून सांगितलं. हे आधी कळलं म्हणून पहिल्या आठवड्यातली बेचैनी मी काढू शकले.

समुपदेशक बाईंनी दोन गोष्टी शिकवल्या. एक, झटका आला की पळायचं नाही, तिथेच थांबून तो उतरू द्यायचा. जिथून पळतो त्या जागेची भीती पक्की होते. दुसरी, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा. त्या आकडे मोजायला सांगत. माझं दिवसभर आकडेच मोजणं, त्यात मन लागेना. मी आकड्यांच्या जागी बायबलमधलं तेविसावं स्तोत्र घातलं. श्वास घेताना ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’, सोडताना सावकाश ‘मला काही उणे पडणार नाही’. बाई ख्रिस्ती नाहीत, पण त्यांनी ते आनंदाने चालवून घेतलं. पुढे लक्षात आलं की भजनातही हेच होतं. पेटीवर सूर लागलेला असतो, ओळ लांबवत जायची असते, श्वास आपोआप लांब सुटतो. मी पुन्हा भजनाला बसू लागले ते आधी ह्याच कारणासाठी.

बुधवारी दुपारी भगिनी मंडळातली मावशी यायची. पिशवीत मेथी किंवा चुका, जे मंडईत मिळेल ते. वर्तमानपत्र पसरून आम्ही दोघी निवडत बसायचो. ती पानं खुडता खुडता सुनेचं, नातवाचं, गल्लीतल्या नळाचं बोलायची. माझा हात थरथरला तर बघायची, पण बोलायची नाही; काड्यांचा ढीग माझ्या बाजूने सरकवून आपल्याकडे ओढायची आणि निवडलेली पानं माझ्या पुढ्यात ठेवायची. उठताना माझा हात धरून तेवढीच प्रार्थना: ‘प्रभू, आज रात्री हिला झोप दे. आमेन.’ मोठमोठ्या प्रार्थना मी पुष्कळ ऐकल्या आहेत. मला ही पुरली.

झोप परत येऊ लागली तसं शास्त्र वाचायचं बळ आलं. स्तोत्रसंहिता, म्हणजे बायबलमधलं स्तोत्रांचं पुस्तक, मी नव्याने वाचली, आणि आपण शब्बाथ शाळेत किती थोडी स्तोत्रं पाठ केली होती ते दिसलं. तेराव्या स्तोत्राची सुरुवातच ‘किती वेळ’ ह्या तक्रारीने होते. बेचाळिसाव्यात माणूस स्वतःच्या जिवाला विचारतो, तू का खिन्न झालास? अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळ नाही. तरी ते शास्त्रात आहे, मंदिरात गायलं गेलं आहे. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रार्थना करताना प्रभूचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडला, हे वैद्य लूकच्याच शुभवर्तमानात आहे. माझ्या घामाची मला लाज वाटत होती, ती तिथे गेली.

मग एके रात्री मी फिलिप्पैकरांस पत्र पहिल्या ओळीपासून वाचलं, एका बैठकीत. पौल ते बेड्यांत असताना लिहितो आहे. त्याचा सोबती एपफ्रदीत मरणाच्या दारातून परत आला आहे, आणि त्याला तुमच्याकडे पाठवलं म्हणजे माझं दुःख हलकं होईल, असं पौल उघड लिहितो. करिंथकरांना तर त्याने सांगितलं आहे की सगळ्या मंडळ्यांची काळजी त्याला रोज दडपून टाकते. म्हणजे ‘चिंताक्रांत होऊ नका’ हे लिहिणारा माणूस निश्चिंत खुर्चीत बसून मला दटावत नव्हता. आणि ह्या वचनाच्या अगदी आधीचं वाक्य, जे मला कुणी कधी ऐकवलं नव्हतं, ते आहे: ‘प्रभू समीप आहे.’ त्या रात्री मला ते वचन प्रथमच प्रेमाने ऐकू आलं. जवळ बसून कुणी पाठीवर हात ठेवावा तसं.

त्यात पुढे ‘आभारप्रदर्शनासह आपली मागणी देवाला कळवा’ असं आहे. मी त्यासाठी एक वही केली. समुपदेशक बाईंनी चिंतेला रोज एक ठरलेली वेळ द्या म्हणून सांगितलंच होतं. मी ती रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेच्या आधीची ठरवली. डाव्या पानावर मागणी, उजव्या पानावर आभार. डावीकडे: उद्या ऑडिटर येणार. आईचा गुडघा. मुलीची फी. काउंटरवर पुन्हा झालं तर? उजवीकडे: दुपारी भूक लागली. वरण छान झालं. एसटीने स्टँडपर्यंत गेले, मधेच उतरले नाही. दिवसभरात चिंता मनात आली की ‘रात्री वहीत’ असं सांगून तिला थांबवायचं. नेहमी जमायचं असं नाही. पण प्रार्थनेत ते डावं पान वाचून दाखवल्यावर मी वही मिटायचे आणि घरातल्यांसोबत ‘आमेन’ म्हणायचे, तेव्हा ते सगळं खरोखर सोपवल्यासारखं वाटू लागलं.

शांती कशी आली हे विचारणाऱ्यांना मी खरं तेच सांगते. धडधड थांबली म्हणून शांती आली असं झालं नाही. काउंटरवर झटका आला, मी खुर्ची सोडली नाही, स्तोत्र म्हणत राहिले, आणि मी एकटी नाही ही खात्री धडधड चालू असतानाच मनात होती. सर्व बुद्धिसामर्थ्याच्या पलीकडची शांती असं पौल म्हणतो ती हीच, असं मी मानते. तिचं श्रेय मी प्रभूला देते, आणि गोळीने शरीर सावरलं नसतं तर ती ओळखायलाही मी जागेवर राहिले नसते, हेही मानते.

त्यानंतरच्या उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) पाळकसाहेबांनी मला चौथ्या उद्गारावर बोलायला सांगितलं. दुपारी बारा ते तीनची उपासना, वधस्तंभावरचे सात उद्गार, सात जण बोलणारे. एप्रिलची दुपार, पंखे गरम वारा ढकलत होते, लोक उपासनेच्या कागदाने वारा घेत होते. मी पुलपिटवर गेले, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ एवढं वाचलं आणि बोटांना मुंग्या आल्या. लाकडाची कड धरली. माइकमधून माझा श्वास चर्चभर ऐकू जात होता. मी थांबले, श्वास सोडला, आणि लिहून आणलेला कागद बाजूला ठेवून सांगितलं की मला आत्ता पॅनिक अटॅक येतो आहे, तो उतरेपर्यंत थोडं थांबा. कुणी उठलं नाही. पुढच्या बाकावरची मावशी माझ्याकडे बघत होती. उतरल्यावर मी बोलले: प्रभूने मरणाच्या वेळी जी ओळ म्हटली ती बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. स्वतःचे शब्द संपतात तेव्हा पाठ असलेले शब्द प्रार्थनेला चालतात, आणि सोडून दिल्यासारखं वाटतं हे देवाला तोंडावर सांगणं हाही विश्वासच आहे, प्रभूनेच ते केलं आहे.

उपासनेनंतर एक निवृत्त हेडमास्तर माझ्याजवळ आले, हळूच म्हणाले, ‘मलाही होतं, बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही.’ मग एक कॉलेजची मुलगी. मग आणखी काही. आता गुरुवारी संध्याकाळी आम्ही पाळकसाहेबांच्या घरी बसतो. एक स्तोत्र वाचतो, ज्याला बोलायचं तो बोलतो, उपदेश कुणी कुणाला करत नाही. नवीन येणाऱ्याला पहिलं हेच विचारतो की डॉक्टरांना दाखवलं का. कुणाला रात्री-अपरात्री असह्य झालं तर टेली-मानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आम्ही सगळ्यांच्या फोनमध्ये घालून दिला आहे. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, ती फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीतून बोलता येतं.

माझी गोळी अजून चालू आहे, डोस डॉक्टरांनी कमी करत आणला आहे. गेल्या गुरुवारी तरुण संघातला एक मुलगा ईसीजीचा नॉर्मल रिपोर्ट खिशात घडी घालून आला होता, शेवटपर्यंत दाराजवळ बसला. सोमवारी त्याला मानसोपचारतज्ज्ञांची वेळ मिळाली आहे. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे, त्याच्यासोबत जाणार आहे.