डावा सिलिंडर: दाब-चाचणीत नापास, पुन्हा ओतावं लागणार

आपल्या वाफेच्या इंजिनाच्या डाव्या सिलिंडरचं कास्टिंग (बिडाचा ओतीव ठोकळा) पाणी भरून केलेल्या दाब-चाचणीत नापास झालं. बॉयलरचा दाब १२ बार, म्हणून चाचणी दीडपट, १८ बारला. ९ बारपर्यंत दाब टिकला, पुढे मात्र काटा हळूहळू उतरायला लागला. बाहेरून एक थेंबही नाही. एक्झॉस्टच्या (वापरलेली वाफ बाहेर पडायच्या वाटेच्या) तोंडातून एंडोस्कोप (नळीवरचा छोटा कॅमेरा) आत घातला तेव्हा कळलं: ताजी वाफ आणि एक्झॉस्ट यांच्या मधल्या भिंतीला घाम फुटला होता, आणि त्याच भिंतीत एका ठिकाणाहून केसाएवढी धार लागली होती.

घाम आणि धार हे दोन वेगळे रोग आहेत, त्यामुळे उपायही वेगळे. धार चॅपलेटची. कोअर म्हणजे आतली पोकळी राखायला साच्यात ठेवलेला वाळूचा गाभा. दोन कोअरमधलं अंतर राखायला जो धातूचा टेकू, म्हणजे चॅपलेट, बसवतो तो भिंतीच्या आरपार असतो. रसाच्या (वितळलेल्या बिडाच्या) उष्णतेने त्याचा पृष्ठभाग वितळून बिडात मिसळायला हवा. गंज किंवा ओल असली तर तिथे वायू सुटतो, आणि भिंत पातळ असली तर रसात तेवढी उष्णताच उरत नाही. मग चॅपलेट नुसता अडकून राहतो आणि त्याच्या कडेने पाण्याला सरळ वाट मिळते.

घाम आकुंचनाचा. २२ मिमीची भिंत जिथे ६० मिमीच्या फ्लँजला (जोडणीच्या जाड कडेला) मिळते, तो सांधा सगळ्यात शेवटी गोठतो. तोवर पातळ भाग गोठून रायझरकडून (जादा रस साठवणाऱ्या पोकळीकडून) येणारा रस बंद झालेला असतो, आणि सांध्यात स्पंजासारखी छिद्रं राहतात. राखाडी बिडात गोठताना ग्रॅफाइट फुगतं आणि ही तूट बरीचशी भरून काढतं, पण साचा कडक असेल तरच. ओल्या वाळूचा साचा त्या दाबाने बाहेर सरकतो आणि फायदा वाया जातो.

दुरुस्तीचे सगळे पर्याय तपासले. लायनर (आत बसवायची बाही) बोअरची, म्हणजे पिस्टन फिरतो त्या पोकळीची, भिंत झाकेल, पण दुखणं त्याच्या मागे आहे. रेझिन भरून छिद्रं बुजवणं पंपाच्या कास्टिंगला ठीक. नेहमीची रेझिन्स साधारण २०० अंशांपर्यंत टिकतात आणि इथे सुपरहीटरमधून (वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्यांमधून) ३०० अंशांच्या वरची वाफ येते. गरम वेल्डिंग करायचं तर अख्खा ठोकळा ६०० अंशांच्या आसपास तापवून बिडाच्या काडीने भरायचा आणि अगदी सावकाश थंड करायचा. त्या अरुंद वाटेत काडी पोचतच नाही. तेव्हा हे कास्टिंग भंगारात.

दुसऱ्या ओतकामासाठी ठरलेले बदल असे. साचा फ्युरान वाळूचा, म्हणजे रेझिनने कडक केलेल्या वाळूचा. फ्लँजच्या बाहेरून लोखंडी चिल (उष्णता ओढून घेणारा तुकडा), म्हणजे जाड भाग पातळ भागाच्या बरोबरीने गोठेल. सांध्यातली गोलाई ६ मिमीवरून १२ मिमी; त्याहून जास्त दिली तर तिथेच नवा जाड गोळा तयार होतो. चॅपलेट कथील चढवलेले, कोरडे, आणि साचा बंद करायच्या अगदी आधी बसवायचे. बिडाची ग्रेड (ताकदीची प्रत) २५०च, पण कार्बन इक्विव्हॅलंट (कार्बन अधिक सिलिकॉन-फॉस्फरसच्या बेरजेचा तिसरा हिस्सा) ३.९ ते ४.० मध्ये ठेवायचा. कमी झाला की आकुंचन वाढतं. जास्त झाला की ग्रॅफाइट जाडंभरडं होतं आणि ताकद घटते.

पॅटर्न (ज्याभोवती वाळू दाबून साचा करतात तो नमुना) तोच राहील. त्यात १ टक्का आकुंचन धरलेलंच आहे, ९०० मिमी लांबीला ९ मिमी. कोअरबॉक्स (कोअर घडवायची पेटी) दुरुस्त करायचा बेत होता, पण हे लिहिताना हिशेब मांडला तर तो बदलावासा वाटतो. वाफेच्या वाटांचा कोअर तीन तुकडे चिकटवून होतो. जोडाची प्रत्येक रेघ म्हणजे सरकायची एक संधी, आणि तुकडे पेलायला चॅपलेटही जास्त लागतात. तेवढा एकच कोअर वाळूच्या थ्रीडी प्रिंटिंगने अखंड करून घेतला आणि त्याचे कोअरप्रिंट (साच्यात टेकणारी टोकं) लांबवले, तर मधल्या भिंतीतले चॅपलेट पूर्ण काढता येतील. वायू बाहेर जायची नळीही कोअरच्या पोटातच छापता येते. महाग आहे, पण पुन्हा एक कास्टिंग भंगारात घालण्यापेक्षा स्वस्त. सगळं आपल्याच शेडमध्ये व्हावं हा हट्ट इथे कामाचा नाही. २००८ साली पूर्ण झालेल्या ‘टॉर्नेडो’ या ब्रिटनमधल्या नव्या वाफेच्या इंजिनाचा बॉयलरसुद्धा जर्मनीतल्या माइनिंगेनच्या कारखान्यातून बनून आला होता.

बाकी आघाडीवर बातमी उत्तम. क्रॉसहेडच्या (पिस्टनचा दांडा सरळ रेषेत ठेवणाऱ्या भागाच्या) स्लिपरवर, म्हणजे घसरणाऱ्या पृष्ठावर, व्हाइटमेटल (बेअरिंगचा मऊ मिश्रधातू) पहिल्याच ओतणीत धरलं. केरोसिनमध्ये बुडवून, पुसून कडेला खडू लावला; रात्रभरात एकही डाग उमटला नाही, म्हणजे कथिलाचा थर सगळीकडे पकडला आहे. उजव्या पिस्टनच्या रिंगाही कातून झाल्या, ४५० मिमी बोअरला थंड असताना १.६ मिमी फट. बोअरमध्ये बसवून मागून दिवा धरला तर कडेने प्रकाश कुठेच दिसत नाही. फार देखणं काम झालं आहे!

नवं कास्टिंग आलं की आधी अल्ट्रासॉनिक गेजने भिंतींची जाडी, मग कच्च्या अवस्थेतच ६ बार हवा आणि साबणाचं पाणी. त्याहून जास्त हवा भरायची नाही, बीड फुटलं तर तुकडे उडतात. पाण्याच्या चाचणीला पाणी खालून भरायचं आणि सगळ्यात वरच्या भोकातून हवा काढायची. बोअरिंगनंतर १८ बारची चाचणी पुन्हा होईलच, कारण कातताना वरची घट्ट कातडी निघते आणि लपलेली छिद्रं तेव्हाच उघडी पडतात.