टाच वळते तेव्हा

सोमवार

हाताने विणलेली घोट्यापर्यंतच्या मोज्यांची पहिली जोडी आज दिवसभर घालून पाहिली. चार पावलं चाललं की मोजा बुटात घसरून टाचेखाली गोळा! वाकून वाकून कंबर दुखली. दोष लोकरीचा नाही, माझ्या हिशोबाचा. चवड्याचा घेर मोजला तो 22.5 सेंटिमीटर. माझ्या हाताला 10 सेंटिमीटरमध्ये 32 टाके बसतात, म्हणून 72 घातले. अगदी मापात, आणि तिथेच फसले. मोजा पायापेक्षा साधारण एक दशांशाने लहान हवा, तरच ताणून पायाला धरून बसतो. लांब मोज्याला निदान पोटरीचा आधार; घोट्यापर्यंतच्या मोज्याला धरून राहायला टाचेशिवाय आहे काय?

दोन्ही उसवले. कुरळी झालेली लोकर लडी करून कोमट पाण्यात बुडवली आणि वाळत टाकली. तशीच विणली असती तर टाके वेडेवाकडे आले असते.

बुधवार

या वेळी 64 टाके. चार सुयांवर सोळा-सोळा, पाचवीने विणायचं. दोन सुलट, दोन उलट अशा 12 फेऱ्या झाल्या की टाच आलीच.

आखूड मोजे म्हणे लवकर होतात. होतात, पण वाचतं काय तर सगळं सोपं काम. लांब मोज्यात पोटरीच्या साठ-पासष्ट फेऱ्या हात आपोआप चालवतो, डोकं कुठेही भटकून येतं. इथे ती उसंतच नाही. अजून सुया हातात नीट बसलेल्या नसतात आणि अवघड काम समोर.

शुक्रवार

टाचेला बसले. अर्धे म्हणजे 32 टाके घेऊन पुढे-मागे 32 ओळी. सुलट बाजूने एक टाका विणायचा, एक नुसता सरकवायचा. त्याने मागे धाग्याचा दुसरा थर बसतो आणि टाच लवकर झिजत नाही. हे सगळं समजण्यासारखं आहे. पुढचं वाचून कधीच समजलं नाही.

ओळ पुरी करायचीच नाही. 18 सुलट, दोन टाके एकत्र, आणखी एक, आणि तिथेच काम उलटायचं. सुईवर 11 टाके तसेच राहिलेले. अर्धवट सोडून वळायचं याचीच भीती वाटते, काहीतरी विसरल्यासारखं. परत येताना एक सरकवायचा, पाच उलट, दोन एकत्र, एक, पुन्हा वळायचं. वळलो तिथे फट दिसते. पुढच्या वेळी त्या फटीच्या दोन्ही बाजूंचे टाके एकत्र घ्यायचे. मोजणं सोडलं आणि फट बघत राहिले, तेव्हा जमलं. 32 चे 18 उरले आणि सपाट पट्टीची वाटी झाली. अंगठा आत घालून चार वेळा बघितली. घरात कुणी जागं असतं तर त्यांनाही दाखवली असती.

रविवार

टाचेच्या कडांवरून दोन्हीकडे सोळा-सोळा टाके उचलले, आणि कोपऱ्यात भोक पडू नये म्हणून एकेक जास्तीचा. एकूण 84. एक फेरी सोडून एक फेरी दोन-दोन कमी करत पुन्हा 64. मग पाऊलभर सरळ विणकाम, ती हवी असलेली उसंत इथे मिळाली. बोटांकडे उतरता उतरता 16 टाके राहिले, ते सुईदोऱ्याने आठाला आठ जोडले. जोड शोधला तर सापडतो, पण शोधावा लागतो.

घालून जिना दहादा चढले-उतरले. सरकला नाही!

दुसऱ्याचे टाके आजच घालून ठेवले. एकदा सुया पेटीत गेल्या की एकटा मोजा महिनोन्‌महिने जोडीदाराची वाट बघतो, अनुभव आहे. टाचेच्या ओळी याच पानाच्या समासात रेघा मारून मोजल्या होत्या, त्या खोडायच्या नाहीत. दुसऱ्या टाचेलाही तेवढ्याच हव्यात.