दूध संकलनापासून रेपोच्या एएमसीपर्यंत

२०११ साली कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका खोलीत आम्ही दोघांनी धंदा मांडला तो दूध संकलन केंद्रांच्या सॉफ्टवेअरचा. काटा, फॅट मशीन आणि कॉम्प्युटर यांची सांगड घालायची आणि दर दहा दिवसांनी उत्पादकांची बिलं काढायची. ते काम आजही आहे, पण जोडीला दुसरं एक उभं राहिलंय: दुसऱ्या छोट्या कंपन्यांचे गिट सर्व्हर सांभाळणं. गिट म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर.

सुरुवातीला आम्ही त्याच कामाचं जुनं सॉफ्टवेअर, सबव्हर्जन वापरायचो. त्यात कमिट करायचं, म्हणजे बदलाची नोंद करायची, तरी सर्व्हर लागतो. आजरा-चंदगडच्या केंद्रावर बसून दुरुस्ती करणाऱ्या पोराला रेंजच नसे. २०१४ मध्ये गिटवर आलो. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी ते २००५ साली लिनक्स कर्नलसाठी, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठी, लिहिलं. ज्याच्या-त्याच्या मशीनवर पूर्ण इतिहास. आम्हाला तेच हवं होतं.

पण इतिहास पूर्ण म्हटल्यावर वजनही पूर्ण. प्रत्येक काट्याचा ड्रायव्हर, इन्स्टॉलर, संस्थांच्या बिलांचे नमुने, सगळं कोडबरोबरच ठेवलेलं. गिट मिळत्याजुळत्या फाइलींमधला फरक तेवढा साठवून पॅकफाइल, म्हणजे सगळं बांधून ठेवलेली फाइल, लहान करतं. आधीच दाबलेल्या इन्स्टॉलरमध्ये मात्र त्याच्या हाती फारसं काही लागत नाही, त्यामुळे नवी आवृत्ती आली की जवळपास पूर्ण वजन पुन्हा चढतं. रेपो, म्हणजे कोड आणि त्याच्या इतिहासाचा साठा, काही जीबींवर गेला.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये पोरं गावी गेली आणि हे वजन खऱ्या अर्थाने जाणवलं. क्लोन, म्हणजे रेपोची प्रत उतरवणं, मध्येच तुटला तर गिट तिथून पुढे सुरू करत नाही, पुन्हा पहिल्यापासून. मोबाइलच्या रोजच्या दीड जीबीत हे बसणार कसं? मग गिट बंडल काढलं: सगळा इतिहास एका फाइलीत, फाइल पेनड्राइव्हवर, आणि पेनड्राइव्ह दुधाच्या गाडीबरोबर. सगळं बंद असलं तरी दूध चालू होतं! पोरांनी बंडलवरून क्लोन केला, रिमोटचा (नवं जिथून आणायचं त्या जागेचा) पत्ता आमच्या सर्व्हरचा लावला, आणि मग नेटवरून फक्त नवे कमिट ओढायचे राहिले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गिटची २.२९ आवृत्ती आली आणि तिच्यात मेंटेनन्सची कमांड. तोवर सुमारे ६,७०० सुटे ऑब्जेक्ट (पॅकमध्ये न बांधलेल्या नोंदी) साठले की गिट आपणहून साफसफाई काढायचं, तीही नेमकी माणूस कामात असताना. पुढच्या आवृत्त्यांत ही कामं वेळापत्रकावर लावता येऊ लागली. दर तासाला प्रीफेच, म्हणजे सर्व्हरवरचं नवं आधीच आणून ठेवायचं. तेही वेगळ्या कप्प्यात, तुमच्या ओरिजिनच्या (मूळ सर्व्हरच्या) ब्रँचना, म्हणजे कामाच्या शाखांना, हात न लावता. रोज सुटे ऑब्जेक्ट बांधायचे, छोटे पॅक एकत्र करायचे. सकाळी पुल मारला, म्हणजे सर्व्हरवरचं नवं ओढलं, की बहुतेक माल घरातच असतो.

यात एक गोम आहे. रोजचं काम मध्यरात्री लागतं आणि आमची पोरं लॅपटॉप मिटून झोपतात. क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या साध्या सोयीवर, लावलं असेल तर ती वेळ गेली ती गेलीच. लिनक्सवर सिस्टमडीच्या (मशीनवरच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीच्या) टायमरला लावलं तर मशीन चालू झाल्यावर राहिलेलं काम उरकतं. आम्ही तेच लावतो.

हे सगळं आमच्याकडे बसल्यावर सांगली-इचलकरंजीच्या ओळखीच्या लोकांनी विचारायला सुरुवात केली. कामाचं मोल ठरवणं सगळ्यात अवघड गेलं. लिफ्टचं एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, लोकांना कळतं, लिफ्ट बंद पडलेली दिसते. रेपोचं एएमसी म्हटलं की, "वर्षभर काहीच बिघडलं नाही, मग पैसे कशाचे?" आता पहिल्या दिवशीच गिटची काउंट-ऑब्जेक्ट्स कमांड चालवून सुटे ऑब्जेक्ट किती, पॅक किती, वजन किती हे कागदावर घेतो आणि दर तिमाहीला तेच आकडे शेजारी मांडतो. सर्व्हरवर रीपॅक करून (सगळं नव्याने बांधून) बिटमॅप, म्हणजे कोणत्या कमिटला काय लागतं त्याची तयार नोंद, लिहिला की क्लोनच्या वेळी काय काय पाठवायचं ते मोजण्यात वेळ जात नाही. हा फरक तर मालकाला घड्याळावरच दाखवता येतो.

वरवरच्या क्लोनबद्दल माझं मत कडक आहे. डेप्थ १, म्हणजे फक्त शेवटचा कमिट, तो फक्त बिल्ड मशीनला (कोडमधून तयार सॉफ्टवेअर बनवणाऱ्या मशीनला). ऑफिसात बसणाऱ्या नव्या माणसाला ब्लॉब-नन फिल्टर लावून क्लोन द्यावा: कमिटचा इतिहास सगळा येतो, जुन्या फाइलींचा मजकूर लागेल तेव्हा उतरतो. पण तो उतरायला नेट लागतं, म्हणून केंद्रावर जाणाऱ्या पोराच्या लॅपटॉपवर अजूनही पूर्ण क्लोनच.

सध्या इचलकरंजीच्या एका कापड डिझाइनवाल्यांचं काम चालू आहे. त्यांच्या मोठ्या फाइली एलएफएसमध्ये, म्हणजे अशा फाइली रेपोबाहेर ठेवणाऱ्या गिटच्या जोडसोयीत, हलवायच्या आहेत. त्यात जुना इतिहास नव्याने लिहिला जातो, कमिटचे हॅश (ओळख-क्रमांक) बदलतात आणि प्रत्येकाला पुन्हा क्लोन करावा लागतो. म्हणून शनिवारी संध्याकाळी सगळ्यांचे बदल सर्व्हरवर पुश करून घ्यायचे, रविवारी काम, आणि सोमवारी नवे क्लोन, असं ठरलंय.