घड्याळ नोंदवही: एओडीचा हिशेब, लोकलमधलं मनगट आणि १५ टक्क्यांचा वॉचफेस

सध्या चाचणीवर दोन घड्याळं आहेत. एक गॅलेक्सी वॉच ४, ४४ मिमी, बॅटरी ३६१ एमएएच (मिलीअ‍ॅम्पिअर-तास, म्हणजे बॅटरीत मावणारा चार्ज), कार्यप्रणाली वेअर ओएस. दुसरं अमेझफिट बिप ६, ३४० एमएएच, झेप ओएस. दोन्हींचा पडदा अ‍ॅमोलेड (प्रत्येक पिक्सेल स्वतः पेटणारा) आणि बॅटरीही जवळपास सारखीच. वापर ठाणे-नवी मुंबईतला नेहमीचा: ट्रान्स-हार्बर लोकल, महापे-बेलापूरकडची ऑफिसं, पाम बीच रोडवरचं ऊन आणि चार महिने पाऊस.

एओडी म्हणजे ऑलवेज-ऑन डिस्प्ले, पडद्यावर वेळ सतत मंद दिसत राहण्याची सोय. ‘ऑलवेज-ऑन बंद करा, बॅटरी दुप्पट टिकेल’ हा सल्ला सगळीकडे फिरतो. तो एका घड्याळावर खरा ठरतो आणि दुसऱ्यावर साफ चुकतो. कारण समजायला टक्के सोडून मिलीअ‍ॅम्पिअरमध्ये, म्हणजे बॅटरीतून दर क्षणी किती वीज ओढली जाते यात, विचार करावा लागतो.

बिप ६ चा कंपनीचा आकडा नेहमीच्या वापरात १४ दिवस, म्हणजे ३३६ तास. ३४० भागिले ३३६, सरासरी खर्च साधारण १ मिलीअ‍ॅम्पिअर. गॅलेक्सी वॉच ४ चा आकडा ४० तास. ३६१ भागिले ४०, म्हणजे ९ मिलीअ‍ॅम्पिअर. आता एओडीसाठी दोन्हीकडे सारखाच, समजा दीड मिलीअ‍ॅम्पिअर जादा लागला. बिपचा खर्च अडीचवर जातो आणि १४ दिवसांचे पावणेसहाही होत नाहीत. गॅलेक्सीचा साडेदहावर जातो आणि ४० तासांचे सुमारे साडेचौतीस होतात. सेटिंग एकच, पण एकीकडे निम्म्याहून जास्त आयुष्य गेलं आणि दुसरीकडे पाच-सहा तास. मूळ खर्च किती आहे यावर सेटिंगची किंमत ठरते. त्यामुळे बिपवर पहिला वार एओडीवर, आणि गॅलेक्सीवर तो सगळ्यात शेवटी.

गॅलेक्सीवर आधी बाकीची गळती बघावी. हृदयगती ‘सतत’वरून ‘स्थिर असताना दर १० मिनिटांनी’वर आणावी. फोन ब्लूटूथवर असताना घड्याळाचं वायफाय चालू राहण्यात अर्थ नाही. गॅलेक्सी वेअरेबल अ‍ॅपमधून नोटिफिकेशन पाठवणारी अ‍ॅप्स फोन, मेसेज आणि बँक एवढीच ठेवावीत. प्रत्येक नोटिफिकेशनला मोटर थरथरते आणि प्रोसेसर जागा होतो. सोसायटीच्या ग्रुपवरच्या ‘शुभ सकाळ’च्या गुलाबांसाठी हे सगळं कशाला?

मोजणीची पद्धत

बॅटरी किती उतरते हे १०० टक्क्यांपासून मोजू नका. चार्जरवरून काढल्यावर पहिले काही टक्के बरेचदा अडून बसतात, मग एकदम सरकतात, आणि १५ च्या खाली पॉवर सेव्हिंगची सूचना सुरू होते. ९० ते ५० हा पट्टा बरा. एका वेळी एकच सेटिंग बदलायचं. सूत्र सोपं: उतरलेले टक्के गुणिले क्षमता, भागिले १००, भागिले तास. ८ तासांत २४ टक्के उतरले तर ३६१ एमएएचवर सुमारे ८७ एमएएच गेले, म्हणजे सरासरी १०.८ मिलीअ‍ॅम्पिअर. बॅटरी जुनी असेल तर खरी क्षमता ३६१ पेक्षा कमी असते आणि आकडा फुगून येतो. म्हणून त्याच घड्याळावरच्या आधीच्या आणि नंतरच्या आकड्याचीच तुलना धरायची, मित्राच्या घड्याळाशी नाही.

गॅलेक्सीवर एडीबीने (संगणकावरून घड्याळाला आज्ञा देण्याचं साधन) ‘डम्पसिस बॅटरी’ ही आज्ञा चालवली की पातळी, व्होल्टेज आणि तापमान मिळतं. तापमान अंशाच्या दहाव्या भागात येतं, ३४५ दिसलं तर ३४.५ अंश सेल्सिअस. पण त्यासाठीची वायफायवरची जोडणी, वायरलेस डीबगिंग, चालू राहिली तर वायफायही जागं राहतं आणि अख्खी मोजणी वाया जाते. आकडा घ्या, डीबगिंग बंद करा, मग घड्याळ हाताला बांधा.

लोकलमधलं मनगट

आपल्याकडची सगळ्यात मोठी छुपी गळती हीच, आणि याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. ‘मनगट उचलल्यावर स्क्रीन चालू’ हे सेटिंग अ‍ॅक्सेलरोमीटरवर, म्हणजे हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरवर चालतं. मनगट ठरावीक कोनात वळलं की घड्याळ समजतं, मालकाला वेळ बघायची आहे. ठाणे-वाशी गाडीत वरची कडी धरून उभं राहिलं की डायल नेमकी चेहऱ्याकडे असते आणि गाडीच्या प्रत्येक हिसक्याला कोन थोडा बदलतो. स्क्रीन पेटते. एरवी हात खाली गेला की ती लगेच विझते, इथे हात खाली जातच नाही. म्हणून प्रत्येक वेळी पूर्ण १५ सेकंदांचा टाइमआउट (पडदा आपोआप विझायची मुदत) जळतो.

पेटलेल्या पडद्याचा जादा खर्च ४० मिलीअ‍ॅम्पिअर धरला तर १५ सेकंदांना ०.१७ एमएएच. दीड मिलीअ‍ॅम्पिअरचा एओडी १६ तास चालवायला २४ एमएएच. म्हणजे फुकट पेटण्याच्या १४४ वेळा म्हणजे दिवसभराचा एओडी! गर्दीच्या गाडीत जाऊन-येऊन हा आकडा अशक्य नाही. स्कूटरवर घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतही तीच गत: मनगट हँडलवर, डायल वर.

त्यामुळे गॅलेक्सीवर आता उलटी जोडी ठेवली आहे. एओडी चालू, मनगटाचं जेश्चर बंद, स्पर्शाने जागं होणं चालू. रस्ता: सेटिंग्ज, डिस्प्ले, तिथे ऑलवेज-ऑन आणि त्याखाली जागं करण्याचे पर्याय. वेळ तशीही दिसत असते, मग मनगट झटकायची गरजच उरत नाही. बिपवर याच्या नेमकं उलट: एओडी बंद, मनगटाचं जेश्चर वेळापत्रकावर टाकून प्रवासाच्या आणि झोपेच्या वेळा वगळलेल्या, टाइमआउट सगळ्यात कमी. थिएटर मोड लावूनही लोकलचा प्रश्न सुटतो, पण त्यात एओडीही जातो आणि सूचनाही गप्प होतात. ऑफिसला पोचल्यावर तो काढायचा राहतो, हे वेगळंच.

१५ टक्क्यांचा वॉचफेस

वॉचफेस म्हणजे घड्याळाच्या पडद्यावरची तबकडी. वेअर ओएसच्या मार्गदर्शनानुसार एओडीत पेटलेले पिक्सेल १५ टक्क्यांच्या आत असावेत. गॅलेक्सीचा पडदा ४५० बाय ४५०, त्यातल्या वर्तुळात सुमारे १,५९,००० पिक्सेल, म्हणजे हाताशी साधारण २३,८५०. वॉच फेस स्टुडिओ या फेस बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एओडीचा वेगळा टॅब असतो आणि पेटलेल्या पिक्सेलचं प्रमाण तिथेच दिसतं.

देवनागरी अंकांचा फेस बनवायचं काम चालू आहे. स्टुडिओत बिटमॅप फॉन्ट (प्रत्येक अंकाचं वेगळं चित्र) चालतो, त्यामुळे ० ते ९ ची पारदर्शक पीएनजी चित्रं काढून डिजिटल घड्याळाला जोडता येतात. भरीव अंक मोठ्या आकारात घेतले की हिशेब भराभर संपतो, म्हणून एओडीत फक्त बाह्यरेषा. रेघ २ पिक्सेलची केली तर उन्हात गायब होते, ३ ची चालते. अडचण १ आणि ९ ची. बाह्यरेषेत दोघांची वरची गाठ सारखी दिसते आणि हात लांब असला की ९:११ चं १:११ वाचलं जातं. उपाय म्हणून ९ ची गाठ डावीकडे जास्त बाहेर काढली आणि १ ची शेपटी सरळ खाली सोडली. सुलेखन करणारे नाक मुरडतील, पण वेळ बरोबर वाचली जाते.

रंगाचं गणितही आहे. अ‍ॅमोलेडमध्ये काळा पिक्सेल बंदच असतो, पांढऱ्याला लाल-हिरवा-निळा तिन्ही पेटवावे लागतात आणि त्यात निळा सगळ्यात खर्चिक. म्हणून अंक पिवळसर केशरी, निळा शून्य. काठापासून निदान १० पिक्सेल जागा सोडायची, कारण बर्न-इन (एकच चित्र राहून पडद्यावर कायमचा डाग पडणं) टाळायला सिस्टीम चित्र अधूनमधून थोडं सरकवते आणि काठावरचा अंक कापला जातो. सेकंदकाटा एओडीत ठेवूच नये. मुख्य फेसवरही तो सळसळत फिरणारा नको, टिकटिक करणारा बरा. सळसळीसाठी पडदा सेकंदाला अनेक वेळा नव्याने रंगवावा लागतो.

हे सगळं अ‍ॅमोलेडपुरतं. पाइनटाइमसारख्या आयपीएस एलसीडीच्या (मागून दिवा पेटणाऱ्या पडद्याच्या) घड्याळावर काळ्या फेसने काहीही वाचत नाही, तिथे बॅकलाइट पांढऱ्याला जेवढा तेवढाच काळ्याला. आणि एमआयपी (मेमरी-इन-पिक्सेल, बाहेरच्या उजेडावर दिसणाऱ्या) पडद्याला चित्र नुसतं धरून ठेवायला जवळपास काहीच लागत नाही, उन्हात तो उलट जास्त चांगला दिसतो.

ऊन आणि पाऊस

ब्राइटनेस ऑटोवरच ठेवा. कायम कमाल ठेवलेला पडदा सानपाड्याच्या स्टेशनखालीही दुपारच्या उन्हाएवढा जळतो. ऑटोची अडचण फक्त रेनकोटची. बाही प्रकाशाचा सेन्सर झाकते आणि बाहेर काढल्यावर पडदा क्षणभर अंधारा दिसतो, एवढंच.

पावसात स्पर्शाने जागं होणं हा मात्र वैताग आहे. थेंब आणि ओली बाही दोन्ही काचेला बोट वाटतात, मग फेस आपोआप बदलतो, टॉर्चसुद्धा लागतो. जोर असेल तेव्हा वॉटर लॉक. त्याने स्पर्श बंद होतो.

बिपचं चार्जिंग धातूच्या पिनांवर होतं, तिथे घाम किंवा पावसाचं पाणी राहिलेलं असताना चार्जर लावला तर पिना हिरव्या-काळ्या पडतात. ओलाव्यात ५ व्होल्ट आणि क्षार एकत्र आले की गंज धरणारच. आधी कोरडं पुसा. डाग पडलेच तर कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलक्या हाताने घासा, पूर्ण वाळू द्या, मगच चार्जर. पिना नीट टेकत नसतील तर चार्जिंग मध्येच तुटतं आणि दोष बॅटरीवर जातो.

पुढे व्यायामाच्या वेळी पडदा सतत चालू ठेवण्याची किंमत काढायची आहे. पाम बीच रोडच्या मोकळ्या सपाट पट्ट्यावर आणि उपवनहून येऊरच्या झाडीतल्या चढावर, दोन्हीकडे जीपीएस चालू ठेवून. एकदा पडदा सतत चालू, एकदा बंद, बाकी काही न बदलता. ऊन सारखं असावं म्हणून दोन्ही फेऱ्या सकाळी एकाच वेळेला.