बँकेनेच सांगितलंय म्हटल्यावर

“बाई, बँकेनेच सांगितलंय म्हणजे चांगलंच असणार ना?” साताऱ्यातले आमचे पेन्शनर हा प्रश्न मला सारखा विचारतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत 34 वर्षं शिकवलं, म्हणून अजून सगळे बाईच म्हणतात. पुन्हा विचारलंत म्हणून माझ्याबाबतीत काय झालं ते सांगते.

माझी 12 लाखांची एफडी संपली होती. ग्रॅच्युइटीचे पैसे, दुसरं काही नाही. नूतनीकरणाला गेले तर काउंटरवर म्हणाले, “आत बसा, साहेब तुमचा फायनान्शियल रिव्ह्यू करून देतील, फ्री आहे.” आत पंचविशीतला एक मुलगा. चहा मागवला, पाया पडला. माझी पेन्शन किती, एफडी कधी संपली, सगळं त्याच्या समोरच्या स्क्रीनवर होतं. विश्वासाने ठेवलेली माहिती अशी वापरलेली पाहून मला आजही वाईट वाटतं.

“काकू, एफडीसारखंच आहे, फक्त परतावा जास्त.” वर्षाला 3 लाख, 5 वर्षं. मी विचारलं, “पॉलिसी कुणाच्या नावावर?” तर विमा माझ्या मुलाच्या जिवावर आणि हप्ते माझ्या पैशातून! ती युलिप होती, म्हणजे विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी, आणि भरायचे होते एकूण 15 लाख. माझ्याकडे होते 12. उरलेले 3 कुठून आणायचे, यावर तो म्हणाला, “तोपर्यंत वाढतील ना, काकू.”

त्याने फायद्याचा तक्ता दाखवला. अशा तक्त्यात दोन रकाने असतात, एक 4 टक्के धरून आणि एक 8 टक्के धरून. दोन्ही निव्वळ गृहीत, हमी कशाचीच नाही. त्याचं बोट सारखं 8 च्या रकान्यावर. युलिपमध्ये 5 वर्षं पैसे अडकतात. मध्येच हप्ते थांबवले तरी रक्कम 5 वर्षं पूर्ण झाल्यावरच हातात येते. अडुसष्टाव्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन निघालं तर मी काय करायचं?

त्या मुलावर माझा राग नाही. त्याच्या डोक्यावर टार्गेट होतं, ते दिसत होतं. पण विमा विकताना बँक ही विमा कंपनीची एजंट असते, तिला कमिशन मिळतं. पासबुक भरून देणारी बँक आणि त्या टेबलावरची बँक, दोघींवर सारखाच भरवसा टाकू नका, एवढंच माझं कळकळीचं सांगणं.

मी सही न करता उठले आणि सरळ पोस्टात जाऊन सिनियर सिटिझन योजनेत पैसे ठेवले. 8.2 टक्के व्याज, खातं उघडताना असलेला दर पुढची 5 वर्षं कायम. दर तिमाहीला 24,600 रुपये येतात, त्यातून औषधं आणि लाइटबिल भागतं. ही योजना बऱ्याच बँकांतही मिळते. त्या पाऊण तासात तिचं नाव एकदाही निघालं नाही.

शेजारच्या भाऊंनी मात्र सही केली होती. खात्री करायला विमा कंपनीचा फोन आला तर सगळ्याला हो म्हणा, असं त्यांना आधीच पढवलं होतं. पॉलिसीचे कागद हातात आले तेव्हा ते घाबरून माझ्याकडे आले. कागद मिळाल्यापासून 30 दिवसांत पॉलिसी परत करता येते, त्याला फ्री लुक म्हणतात. आम्ही अकराव्या दिवशी अर्ज दिला, पोच घेतली. थोडी कपात होऊन पैसे परत आले. त्या रात्री वहिनी कितीतरी दिवसांनी नीट जेवल्या.

तेव्हा कुणी तसा कागद पुढे केला तर “घरी नेऊन वाचते” म्हणा आणि या माझ्याकडे. दुपारी चारनंतर मी घरीच असते. चष्मा तेवढा आणा, दोघी मिळून ओळन् ओळ वाचू.