चिक्की, बाबांची दाढ आणि नॉर्वेतला डेंटिस्ट

जुलैमध्ये साउदॅम्प्टनहून नॉर्वेच्या क्रूझला गेलो होतो, मी, नवरा आणि बाबा (वय ७४). बाबांनी बॅगेत लोणावळ्याची चिक्की भरलेली, मी नको म्हणत होते तरी. समुद्रातल्या पहिल्याच दिवशी संध्याकाळी कट्टकन आवाज झाला आणि जुनी फिलिंगवाली दाढ अर्धी हातात आली.

बोटीवर डॉक्टर असतो पण आमच्या बोटीवर डेंटिस्ट नव्हता. डॉक्टरांनी पेनकिलर दिली, सूज नाही ना बघितलं, आणि म्हणाले बंदरावर उतरून दाखवा. बिल थेट रूमच्या खात्यावर लागलं, तो कागद मी लगेच मागून घेतला, नंतर इन्शुरन्सला लागला.

पहिलं बंदर गाइरांगर. फ्योर्ड (उंच डोंगरांमधून आत शिरलेली समुद्राची खाडी) बघून डोळे दिपतात पण गाव म्हणजे शे-दोनशे वस्तीचं, तिथे कुठला दातांचा दवाखाना! बाबा डेकवर गाल धरून धबधबे बघत होते, काय बोलणार. पण किनाऱ्याचं नेटवर्क मिळत होतं (समुद्रात बोटीचं सॅटेलाइट नेटवर्क चुकून लागलं तर बिल बघून दुसरी दाढ दुखेल), तेव्हा मी तिथूनच उद्याच्या बंदरातल्या, म्हणजे ओलेसुंदच्या, दवाखान्यांना फोन लावायला सुरुवात केली. तिथे डेंटिस्टला टानलेगे म्हणतात, मॅपवर हाच शब्द टाकायचा. आणि तीन ठिकाणी रेकॉर्डेड मेसेज! जुलैत अर्धा नॉर्वे सुट्टीवर असतो हे मला काय माहीत. चौथीकडे एक बाई भेटली, इंग्लिश छान, म्हणाली उद्या दुपारी दीडला या, बोट किती वाजता सुटते ते आधी सांगा. साडेचारपर्यंत बोटीवर परत यायचं होतं, म्हणजे जमत होतं.

त्याआधी मी ११६११७ वर पण फोन केला होता, तो लेगेवाक्तचा नंबर, म्हणजे तातडीचा पण जीवघेणा नसलेला आजार असेल तर (जिवावर बेतलं तर ११३). त्यांनी नीट ऐकलं पण दातांचं आम्ही करत नाही म्हणाले.

ओलेसुंदच्या दवाखान्यात खुर्चीत बसवल्यावर डेंटिस्टबाईंचा पहिला प्रश्न, रक्त पातळ करणारी गोळी घेता का? बाबा म्हणाले, "हो, इकोस्प्रिन." डॉक्टरला काही कळेना. मी स्ट्रिप उलटी करून अ‍ॅस्पिरिन लिहिलेलं दाखवलं तेव्हा कुठे मान हलली. आपली ब्रँडची नावं तिकडे कोण ओळखणार. मग एक्सरे काढून, आतली नस साफ करून, औषध भरून वर तात्पुरतं सिमेंट लावलं, म्हणाली रूट कॅनल पुण्याला जाऊन पूर्ण करा.

पैसे सगळे आपल्याच खिशातून, तिथल्या मोठ्या माणसांनाही दातांचं बहुतेक स्वतःच भरावं लागतं म्हणे. कार्ड चाललं, कॅश कोणी मागितली नाही. शेन्गेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) ३०,००० युरोची पॉलिसी काढली होती ना, त्यात दाताचं फक्त अचानक दुखणं धरलेलं आणि त्यालाही वेगळी मर्यादा. म्हणून मी रिपोर्ट इंग्लिशमध्ये लिहून मागितला, त्यात "अचानक" आणि "वेदना" हे शब्द स्पष्ट यायला हवे होते. तिने हसत हसत लिहून दिलं.

साडेतीनला बोटीवर पोचलो. दुसऱ्या दिवशी बर्गनला पावसात छत्री धरून बाबा मजेत फिरले. उरलेली चिक्की मी वेटरला देऊन टाकली, बाबांना अजून सांगितलेलं नाही.